हसणाऱ्या पोरीचा दुसरा भाग

आमच्या आत्याबाईला एका जागी बसून वाचता येत नसे. पुस्तक हातात आले की तिचे पाय सुटायचे. अमरावतीला वडाळीच्या वाटेवर आमचा फुलांचा मळा होता. त्यातल्या शेवंतीच्या वाफ्यांमधून ती पुस्तक नाकाशी धरून भराभर चालायची, विहिरीपाशी वळायची, परत यायची. गोष्ट रंगात आली की चाल वाढायची. सारे तिला भिंगरी म्हणत. झेंडू खुडून पिवळी झालेली बोटे ती लुगड्याला पुसून मगच पान उलटायची, तरी डाग पडायचेच, आणि वाचनालयाचे चिटणीस दर वेळी कपाळाला आठ्या घालायचे.

ती माझ्या बापाची धाकटी बहीण. अकोल्याला दिली होती, ती दोन वर्षांत परत आली. कारण सांगायची घरात सगळ्यांना लाज, तिला मात्र नाही. नणंदेचे सासरे जेवता जेवता पाटावरून घसरले आणि हिला हसू आवरले नाही. मग रोज काही ना काही निमित्त, आणि शेवटी पोरगी तुमची तुम्हीच ठेवा असा निरोप. माझी माय तिच्याशी कधी वाईट वागली नाही. पण मी जरा मोठ्याने हसले की माय आधी आत्याबाईकडे पाही आणि मग माझ्याकडे. मला त्या पाहण्याचा फार राग येई.

दुपारी आम्ही बायका पडवीत हार ओवायला बसायचो. आत्याबाई वाचून दाखवायची, अर्थात फेऱ्या घालत घालत. एकदा तिने एका विनोदी कादंबरीचा पहिला भाग आणला. नायिका फार हसरी. नायक टांग्यातून थेट चिखलात पडतो, ही खिडकीत पोट धरधरून हसते, आणि तो बेटा नेमका त्या हसण्यावरच भाळतो. बोटांना सुया टोचून घेत आम्ही ऐकत होतो. पहिला भाग संपला तो लग्न ठरण्यापाशी.

दुसरा भाग यायला आठ महिने लागले. आत्याबाईचा दर सोमवारी वाचनालयात हेलपाटा. तुमच्याच घरचे लग्न अडले आहे का, असे चिटणीस एकदा त्रासून म्हणाले. ते अगदी खोटे नव्हते. मला अकोल्याचे एक स्थळ पाहायला येणार होते, आणि काही झाले तरी दात दिसता कामा नयेत, असे माय रोज बजावत होती. आत्याबाई ते ऐकून तिथून उठून जायची. मला एकटीला गाठून म्हणाली, "हासनारी पोरगी सासरी नांदली, असं कोनं तरी लिहून ठेवलेलं मले एकदा पाह्यचं हाये."

पाहुणे मंगळवारी यायचे होते. पुस्तक सोमवारी मिळाले. सकाळी मी मोगऱ्याच्या कळ्या खुडत होते आणि ती वाफ्यांमधून चालत वाचत होती. आधी पावले झपझप पडली. मग ती रेंगाळू लागली. मग विहिरीपाशी जाऊन ती चक्क बसली. वाचता वाचता ती बसलेली मी तेवढ्या एकाच दिवशी पाहिली. काय झाले म्हणून विचारले, तर म्हणाली, "वारा हाये. पानं उडून राह्यले." वारा अजिबात नव्हता.

दुपारी मात्र तिने झोकात वाचले. सासू नायिकेला रागावते, ही हसते. सासू आणखी रागावते, ही आणखी हसते. आणि शेवटी सासूच लुगड्याचा पदर तोंडात कोंबून हसू लागते. शेजारच्या यमुनाकाकूंनी हार खाली ठेवले आणि शेवटचे पान पुन्हा वाच म्हणाल्या. पुस्तक लगेच परत द्यायचे आहे, असे सांगून आत्याबाईने ते मिटले.

दुसऱ्या दिवशी मुलाच्या काकांनी बशीत फुंकर घातली, ती अशी की चहा सगळा मुलाच्या धोतरावर. मला तोंडात पदर कोंबलेली ती सासू आठवली आणि मी खदखदून हसले. माय पांढरी पडली. पाहुणे पान न खाताच उठले.

पंधरा दिवस काही कळले नाही. बाप आत्याबाईला म्हणाला, "आता एकीच्या दोघी झाल्या घरात." पुढे तो तिच्याशी बोललाच नाही. तिच्या फेऱ्या मळ्यातून थेट सडकेपर्यंत लांबल्या. टपालवाला दिसला की ती त्याच्या सायकलीपुढे उभी. एकदाचे कार्ड आले. मुलगा हटून बसला होता: "पोरगी हासली थेच मले पसंत पडलं." आत्याबाईने ते कार्ड चालता चालता सहा वेळा वाचले.

माझी सासू काही कादंबरीतल्यासारखी हसली नाही, जन्मात नाही. पण मला कुणी परतही पाठवले नाही. मी माहेरी आले की आत्याबाई आधी विचारायची, "हासून राह्यली ना अजून?"

ती गेली तेव्हा मी अकोल्याहून आले. तिची पेटी उघडली तर लुगड्यांच्या खाली त्या कादंबरीचा दुसरा भाग. तो हरवला असे तिने वाचनालयात सांगितले होते, आणि त्यानंतर दर शारदोत्सवाला न मागता ती तिथे हार नेऊन द्यायची. शेवटची आठ पाने तिने हाराच्या दोऱ्याने कडेकडेने शिवून टाकली होती. मी दोरा कापला. नायिका सासरी येते, सासू तिला वळण लावते, आणि शेवटच्या पानावर ती गंभीर, शहाणी, खाली मान घालून वावरणारी झालेली पाहून सारे घर आनंदते. लेखकाच्या मते सारे गोड झाले होते. तोंडात पदर कोंबून हसणारी सासू त्यात कुठेच नव्हती. त्या ओळींवर पिवळा अंगठा उमटला होता.

तिला त्या सकाळी खाली का बसावे लागले, ते मला तेव्हा समजले. आठ महिने वाट पाहून तिला हे मिळाले होते. आणि तरी दुपारी ती माझ्यासाठी चालत राहिली. मी तिथेच पेटीपाशी बसून रडले.

मग वहिनीकडून सुई-दोरा मागून घेतला आणि ती आठ पाने पुन्हा शिवली. गाठ तिच्याइतकी पक्की आली नाही.