टेलरबाईंची लेक आणि वरच्या मजल्यावरची मावशी

टेलरबाईंचा जळफळाट तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहत होता, त्यांच्या बरोबर डोक्यावर.

त्यांची एकुलती एक लेक नर्स. साथ पसरली तशी ती इस्पितळाच्या वसतिगृहातच राहायला गेली. घरी यायची मनाई होती. टेलरबाईंचं दुकान बंद. शिलाई मशीन घरात खिडकीशी आणून ठेवलेलं, पण शिवण्यात लक्ष कुठलं? सगळा जीव फोनमध्ये. फोन यायचाही.

"जेवलीस?"

"हो."

"झोप झाली?"

"हो गं."

"मास्क नीट लावतेस ना? आणि रजा टाक ना आता. बास झालं."

"आई, ठेवते. वॉर्डात बोलावतायत."

संपलं. दोरा तुटावा तसं.

वरच्या बाई म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या ऑपरेटर. साथ आल्यावर त्यांनी सगळ्या जिन्याची फोनची साखळी बांधली होती. रोज सकाळी प्रत्येक घरानं खालच्या घरी फोन करायचा आणि अगदी खालच्यानं सगळ्यांत वर. दोनदा वाजूनही कुणी उचलला नाही, तर लांब उभं राहून दार वाजवायचं. त्या साखळीमुळेच पहिल्या मजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांना तापात औषध मिळालं होतं. "बाईंमुळे जिना जिवंत आहे," असं जो तो म्हणे. टेलरबाईंनाही ते पटत होतं, पण कबूल करायला जीभ उचलत नव्हती.

कारण लेक त्या बाईंना मावशी म्हणायची. आणि संध्याकाळी लेकीला फोन लावावा, तर तो व्यस्त, नेमकं त्याच वेळी वरून बाईंचं "हं... हं... बोल..." ऐकू यायचं. अर्धा-अर्धा तास! टेलरबाई छताकडे बघत बसायच्या. माय मरो पण मावशी जगो, म्हणतात ते उगाच नाही.

एकदा दुधाच्या पिशव्या उचलताना जिन्यात गाठ पडली. बाई वरच्या पायरीवरूनच म्हणाल्या, "उतरला हो तिचा ताप. आता काळजी नको."

ताप? कधी आला? तरी चेहरा सावरून टेलरबाई म्हणाल्या, "हो ना. सांगितलं मला तिनं."

दार लावून घेतलं आणि त्या मशीनसमोरच्या स्टुलावर बसल्या. नऊ महिने आपण वाहायचं, हाडाची काडं करून शिकवायचं, आणि ताप मात्र मावशीला! अंगाचा नुसता तिळपापड झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखळीतला बाईंचा फोन वाजला, तो टेलरबाईंनी उचलला नाही. परत वाजला. "वाजू दे मेला," म्हणत त्यांनी तो कापडांच्या ढिगाखाली सारला.

थोड्याच वेळात दार धडधडलं.

"टेलरबाई! अहो, आहात की गेलात?" ड्रायव्हरकाकांचा आवाज. ते काठीच्या टोकानं दार बडवत होते.

"आहे!" त्या आतूनच ओरडल्या.

"मग मेल्यासारख्या गप्प का? वरच्या बाई धापा टाकत उतरल्यात. तुमच्या पोरीलाही फोन गेलाय!"

ढिगाखालून फोन पुन्हा वाजायला लागला. या वेळी लेक होती.

"आई! उचलत का नव्हतीस? मला वाटलं..." पुढे नुसतं रडणं.

टेलरबाईंना खरं तर गहिवरून आलं होतं. पण तोंडातून निघालं भलतंच. "ताप आला ते मावशीला कळतं. आईला नाही."

लेक रडता रडता थांबली. "तुला सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?"

"रजा टाक म्हटलं असतं. दुसरं काय म्हणणार?"

"म्हणूनच नाही सांगितलं. मावशी काहीच म्हणत नाहीत गं. नुसतं ऐकतात. तुला सांगितलं की आधी तुलाच समजवावं लागतं. तेवढं त्राण नसतं अंगात."

टेलरबाईंना हे झोंबलं. उत्तर ओठांवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं, मशीनचं चाक घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "बोल."

लेक बोलली. तापात शेजारच्या खाटेवरची मुलगी रात्रभर पाणी देत होती, ते. एक आजोबा मुलाचं नाव घेत गेले, ते. हातमोजे काढले की कातडी सोलते, ते. दर वाक्याला टेलरबाईंच्या घशाशी 'घरी ये' येत होतं. दर वेळी त्या "हं" म्हणत होत्या.

"आई, ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"बरं वाटलं. मावशींना सांग, उद्या करते त्यांना."

टेलरबाईंनी दार उघडलं. वरच्या बाई कठड्याला धरून अजून उभ्याच होत्या.

"उद्या करेल म्हणाली तुम्हाला. आज आमचंच लांबलं." आणि मग न राहवून, "आणखी काय काय सांगते हो ती तुम्हाला?"

"ते तिलाच विचारा. ताप तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं, म्हणून बोलून गेले. चुकलंच. एकीचं बोलणं दुसरीला सांगायची सवय नाही आम्हा ऑपरेटरांना," बाई म्हणाल्या आणि कठडा धरत वर गेल्या.

म्हातारी पक्की! टेलरबाई चरफडल्या. मग नियम तो नियम, म्हणून त्यांनी खालच्या मजल्यावर फोन लावला.

"अहो, आत्ता तर तुमचं दार बडवून खाली आलो!" ड्रायव्हरकाका म्हणाले.

"तरी पण. कसे आहात?"

"दम लागलाय. तुमच्याच कृपेनं."

"उशीर झाला खरा. लेकीशी बोलत होते ना," टेलरबाई म्हणाल्या, दार सताड उघडं ठेवून, तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "बराच वेळ बोलत होती!"