दारातलं कुरडू

कल्पना करा, जन्मभर मजुरीवर जे तण उपटलं, तेच तुम्ही आपल्या अंगणात पेरताय. काळं, चकचकीत, मोहरीहून बारीक बी. माती जरा खरवडायची, बी भुरभुरायचं, वरून हात फिरवायचा. रस्त्यानं जाणाऱ्या बायका थांबून हसतात, तिकडं बघायचं नाही.

बोरीच्या धुरपताबाईनं बाहत्तर साली हेच केलं. पाऊस तोंड दाखवून निघून गेला होता. आडाचं पाणी पिण्यापुरतं. कुणाच्याच दारात झेंडू उरला नव्हता. पण सकाळच्या बुद्धवंदनेला फूल हवंच, हा तिचा हट्ट. तिच्या कुरडूला कुणी पाणी घातलं नाही, तरी भादव्यात पांढरे-गुलाबी तुरे आले.

गावात बन्सीधर पाटलाची विहिरीवरची कपाशी तेवढी हिरवी होती. खुरपणीचं काम मिळालं तर तिथंच. एका सकाळी पाटील दारात उभा राहिला.

"धुरपता, हे काय लावलंस?"

"कुरडू. मालक वळखत न्हाईत व्हय?"

"वळखतो म्हणूनच आलो. बी झडलं की माझ्या रानात येतंय. उपटून टाक, न्हाईतर उद्यापासून खुरपायला येऊ नको."

तिचा नवरा नागनाथ आतून खाकरला. "उपट की. पोटापेक्षा फूल मोठं हाय का?"

धुरपता हलली नाही. "मालक, तुमच्या रानातलं उपटायची तुमी मजुरी देता. माझ्या दारातलं कोणत्या हक्कानं उपटायला लावता? बी झडू देत न्हाई, ही माझी जबान."

दुपारी तिनं जुनं लुगडं फाडून एकेका तुऱ्याला चिंधी बांधली. शेजारची पंचफुला कुडावरून म्हणाली, "गावात लेकरं उघडी हिंडायलीत, अन् हिच्या तणाच्या डोक्याला कुंच्या."

"कुंच्या तणाला न्हाईत, पाटलाच्या तोंडाला हायत."

बी झडलं नाही, तरी पाटलानं तिला बोलावलं नाही. ती दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तळहात सोलले, पण बुद्धाच्या फोटोपुढं तुरा चुकला नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला, तण माजलं, मजूर मिळेनात. पाटलाचा निरोप आला. "दारातलं निंदून झालं की येते," तिनं सांगून पाठवलं.

कुरडूतलं बाकीचं गवत निंदायला फार नव्हतं. चिंध्यांतलं बी तिनं अंगणभर पेरलं होतं, उगवलं निम्मंच. भेटेल त्याला ती अजून विचारते: बांधावर कुरडू कुणी न पेरता एवढं दाट येतंय, मग मी जपून पेरलेलं निम्मं बी मातीत गप का बसलं?