मेळ्याबाहेरची झुंज

निकासियाबद्दल कुणी वेडंवाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. ‘बाईनं माणूस मारला’ एवढंच लोकांना ठाऊक. अरे, पण कुणाला, कशापायी, ते विचाराल की नाही? मी तिच्या शेजारी राहिले, तिच्याबरोबर भट्टीवर चिखल तुडवला. माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला तिनंच पोरीला मांडीवर घेतलं, तेव्हापासून आम्ही एकमेकींच्या कोमाद्रे, म्हणजे धर्मानं जोडलेल्या बहिणी. तेव्हा तिची गोष्ट सांगायची तर मी सांगणार.

आम्ही बोलिव्हियाचे, पोतोसीच्या उत्तरेकडच्या डोंगरातले. मे महिन्यात क्रुसाच्या मेळ्याला आमच्याकडे टिंकू असतो. वरच्या अंगाची गावं आणि खालच्या अंगाची गावं चौकात समोरासमोर येतात नि नुसत्या मुठींनी एकमेकांना बडवतात. पुरुष पुरुषांना, बायका बायकांना. रक्त सांडायलाच हवं, धरणीमाय ते पिते आणि बटाटा देते. रक्त पडलं की म्हातारे चाबूक आपटतात. मग दोघांनी थांबायचं, मिठी मारायची, एका भांड्यातून चिचा, म्हणजे मक्याची दारू, प्यायची. कुणी मेलंच तरी फिर्याद नाही की पोलीस नाही. रडा, पुरा नि गप्प बसा.

निकासिया आमच्या वरच्या अंगाची. ती कमरेला पट्टा आवळून चौकात उतरली की खालच्या बाया एकमेकींना पुढे ढकलायच्या, “तू जा गं!” “मी कशाला, तूच जा!” खालच्या गावात दिलेल्या माझ्या मावसबहिणीचे पुढचे दात तिनंच पाडले. मावसबहीण अजून तोंडावर हात धरून हसते, पण निकासियाचं नाव निघालं की म्हणते, “काय मारते गं ती बया!”

एका मेळ्यात तिचा नवरा तिओदोरो सेवेरोसमोर उभा राहिला. सेवेरो खालच्या अंगाचा. झुंज सरळ होती, मी समोरच होते. कानाखाली एक ठोसा बसला, तिओदोरो खाली गेला तो उठलाच नाही. सेवेरो त्याला छातीशी धरून हमसून हमसून रडला. निकासियाच्या पाठीला झोळीत एल्मेर होता, तान्हा. त्या वर्षी बटाटा असा आला म्हणता! आणि बाया तिला तोंडावर सांगायच्या, “तुझ्या तिओदोरोनं पिकवलं हो सगळं!” जळ्ळं मेलं ते कौतुक. तिला त्यातला एक बटाटा घशाखाली उतरेना. पोराला पाठीला बांधून ती आमच्यासोबत अर्जेंटिनात आली, कोर्दोबा शहराबाहेरच्या वीटभट्ट्यांवर.

पुढच्याच साली सेवेरो त्याच भट्टीवर हजर. आमची माणसं आमच्याच माणसांच्या मागं जातात, दुसरीकडं जाणार कुठं? त्यालाही गावात राहवलं नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली नि निकासियासमोर खाली बघत उभा राहिला. ती म्हणाली, “आलास? फावडं घे आणि चिखलात उतर.” एवढंच. मग वर्षानुवर्षं एका भांड्यातलं जेवलो. ती त्याला सूप सगळ्यात शेवटी वाढायची, पण वाढायची. एल्मेरला साच्यात चिखल कसा भरायचा, कडा कशा निपटायच्या, हे सेवेरोनंच शिकवलं. पोर त्याला काका म्हणायचं. पोराला बिचाऱ्याला काय ठाऊक?

आणि त्या परदेशाचं काय सांगू? मुकादम रोल्दान म्हणजे सैतानाचा भाऊच. पट्ट्यानं मारायचा, बुटानं मारायचा, “ए बोलिता, घाणेरड्यांनो,” अशी हाक मारायचा; बोलिव्हियाच्या माणसाला तिथं तसंच हिणवतात. एकदा वाळत घातलेल्या विटा अचानक आलेल्या पावसानं विरघळल्या, तर त्यानं लाकडी साचा उचलला नि निकासियाच्या पाठीत घातला. ती गुडघ्यांवर बसली, उठली नि पुन्हा चिखल भरू लागली. मी रात्रभर तिच्या पाठीला कोकाची पानं चावून लावली आणि शिव्या घातल्या. “अगं, तुझ्या एका ठोशात तो मेला आडवा झाला असता! हात काय मोडलेत तुझे?”

“इथं मारून काय करू, कोमाद्रे?” ती म्हणाली. “आपल्याकडं माणूस मारतो नि नंतर मिठी मारतो. इथला मारतो आणि घरी जाऊन जेवतो. माझ्या ठोशाचं उत्तर तो पोरावर काढेल.”

म्हणून ती गप्प राहिली. बसमध्ये बाया तिच्या शेजारून उठून जायच्या, मोटारसायकलवरची टगी पोरं तिच्या वेण्या ओढून पळायची, एकदा तर आमच्या झोपडीला काडी लावली मुडद्यांनी. तिनं मान वर केली नाही. पोर शाळेत जातंय ना, पोर जेवतंय ना, बस.

यंदा तिच्या आईचा निरोप आला, डोळ्यांनी दिसत नाही, रान ओसाड पडलंय, ये. निकासिया म्हणाली, पुरे झालं, मेळ्याच्या आधी घरी. सामान बांधायला मीच बसले तिच्याजवळ. घोंगड्या, आईसाठी लोकरी मोजे, एल्मेरचं शाळेचं जाकीट. तिच्या तोंडावर मात्र घरी जाणाऱ्या बाईचा आनंद नव्हता. कार्निवलात एका पिऊन टाइट झालेल्यानं एल्मेरच्या गळ्यात पडून सांगितलं होतं, “तुझ्या बापाला कुणी मारलं माहीत आहे का रे? तुझ्या काकानंच!” तेव्हापासून पोर सेवेरोशी एक शब्द बोललं नव्हतं. रोज काम संपलं की विटांच्या चळतीवर मुठी आपटायचा. सालपटं निघायची, रक्त यायचं, तरी आपटायचा.

आणि सेवेरोही त्याच बसनं घरी निघाला होता. त्याचीही आई थकलेली. घरी जायचं तर आमच्यातलं जो तो मेळ्यालाच जातो, दुसरी कुठली वेळ?

“आई, मला तिथं जाऊ दे फक्त,” एल्मेर माझ्यासमोर तिला म्हणाला. “चौकात त्याला समोर बोलावतो. तिथं पोलीस नाहीत. तिथंच गाडतो त्याला.”

“तू टिंकू फोनवर बघितलायस, गाढवा!” मी ओरडले. “त्याचे हात बघितलेस का? हातोडे आहेत ते!”

“मग मी मरेन,” तो म्हणाला आणि बाहेर गेला.

निकासिया घोंगडीची घडी घालायची थांबली. “तो मरेल, नाहीतर मारेल,” ती म्हणाली. “दोन्हीत माझं पोर गेलंच.”

“मग जाऊ नका! राहा इथंच.”

“या वर्षी अडवीन. पुढच्या वर्षी एकटा जाईल.” ती उठली, पोलकं नीट केलं, कमरेचा पट्टा आवळला. मला काय कळायचं ते कळलं.

रविवारची दुपार होती, संध्याकाळची बस. सेवेरो अंगणात आपल्या गाठोड्याला दोरी बांधत होता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. “ऊठ. तिओदोरोच्या जागी मी उभी आहे. हे इथंच मिटवू, मेळ्याच्या आधी.”

“बाई, वेड लागलं का? मी बाईशी लढू?”

“नाही लढलास तर चौकात माझ्या पोराशी लढशील. मग बोल, कोण बरं?”

सेवेरोनं लांबवर उभ्या असलेल्या एल्मेरकडं पाहिलं. मग दोरी खाली टाकली. असं बाई-पुरुषाचं कधी कुणी पाहिलं नव्हतं, पण आमच्यातले सगळ्यात वयस्कर इलारिओबाबा चाबूक घेऊन पुढं आले. “दोघांचंही रक्त पडलं की थांबायचं. मिठी मारायची. त्यानंतर ही गोष्ट कुणी उकरून काढायची नाही. ऐकलंस ना, पोरा?” एल्मेरनं दात आवळून मान हलवली. विटा वाळवायच्या मोकळ्या जागेत आम्ही गोल केला.

पहिल्यांदा सेवेरो नुसता मार खात राहिला. ती किंचाळली, “हात उचल! नुसता उभा राहिलास तर ही झुंज नव्हे, मारहाण झाली. मग पोर मानणार नाही!” तेव्हा त्यानं मारलं. देवा रे! तिचं डोकं गर्रकन फिरलं, ओठ फाटला, एक दात चिखलात पडला. एल्मेर पुढं धावला, तिनंच त्याला ओरडून मागं पिटाळलं. पुन्हा मारलं त्यानं, पुन्हा मारलं तिनं. त्याची भुवई फुटली, त्याला एका डोळ्यानं दिसेना. दोघं धापा टाकत होते, रडत होते आणि मारत होते. इलारिओबाबांनी चाबूक वर उचलला, तेवढ्यात तिचा ठोसा त्याच्या हनुवटीखाली बसला. सेवेरो मागं गेला, त्याची टाच ओल्या मातीवरून घसरली आणि डोक्याची मागची बाजू भाजलेल्या विटांच्या कोपऱ्यावर आदळली. तो आवाज मी विसरायचा म्हटलं तरी विसरत नाही.

चाबूक आपटला. रिवाजाप्रमाणं ती खाली वाकली, त्याला उठवून मिठी मारली. आम्ही वाट बघतोय, की तो हात वर करील, तिला धरील. त्याचे हात लोंबतच राहिले. ती त्याच्या कानात म्हणत होती, “धर ना रे, धर मला. संपलं आता. धर.” इलारिओबाबांनी तिची बोटं सोडवली तेव्हा कुठं तिला कळलं.

आमच्या डोंगरात पुढचं सगळं कसं करायचं ते ठरलेलं असतं. इथं मात्र रोल्दाननं फोन लावला आणि तासाभरात पोलिसांच्या गाड्या. फौजदारानं प्रेत पाहिलं, निकासियाचा सुजलेला चेहरा पाहिला, एल्मेरच्या सोललेल्या मुठी पाहिल्या. झालं, त्याचा हिशेब जुळला. “हा बाईला मारत होता, पोरानं याला मारलं. सरळ आहे.” आणि पोराच्या हातात बेड्या घातल्या की हो!

“मी मारलं!” निकासिया म्हणाली. “पोरानं हात लावला नाही.”

“बरोबर आहे, आई आहेस, असंच म्हणणार,” फौजदार म्हणाला.

आम्ही सगळे ओरडलो, हिनंच मारलं, आमच्या डोळ्यांदेखत मारलं. तो हसला. “तुम्ही सगळे एका माळेचे. वेण्यांवाली मावशी या गड्याला ठार करते? मला काय खुळा समजता?” रोल्दान तर टपलेलाच. पुढं येऊन म्हणाला, “साहेब, पोरगंच आहे. रोज विटांवर मुठी मारताना मी पाहिलंय. मी जबानी देतो, लिहून घ्या.”

एल्मेर आईकडं बघत होता नि ओठ चावत होता. मला वाटलं, हा आता कबूल करतो, आईला वाचवायला मीच मारलं म्हणतो. निकासियालाही तेच वाटलं असणार. तिनं तोंडातलं रक्त थुंकलं, चार पावलं टाकून रोल्दानसमोर गेली आणि खांद्यापासून हात फेकला. इतकी वर्षं त्याचे पट्टे खाल्लेली बाई! जबडा मोडल्याचा आवाज गाडीपाशी उभ्या असलेल्या शिपायालाही ऐकू गेला. रोल्दान पोत्यासारखा कोसळला, टोपी एकीकडे, तो एकीकडे.

तिनं तोच हात फौजदारापुढं धरला. “अजून दाखवू? की आता लिहून घेता?”

फौजदार खाली रोल्दानकडं बघत राहिला, मग तिच्या हाताकडं. कुणी हसलं नाही. त्यानं एल्मेरच्या बेड्या काढल्या नि तिला घातल्या. पोर तिच्या गळ्यात पडायला धावलं, तर म्हणाली, “रडू नकोस, रडायला वेळ कुठाय? सेवेरोला घरी पोचवायचंय. त्याची आई वाट बघतेय. दुसरं कोण नेणार त्याला?”

“मी? मी त्याला नेऊ?”

“तूच.”

कागदपत्रांना दिवस लागले, भट्टीवरच्या सगळ्यांनी वर्गणी काढली, आणि एल्मेर सेवेरोची शवपेटी घेऊन सरहद्दीपलीकडं गेला. खालच्या अंगाच्या गावात, बापाला मारणाऱ्याच्या दारात, वरच्या अंगाचं पोर एकटं. मला घास गोड लागेना. त्याचा फोन आला तशी मी तुरुंग गाठला. जाळीपलीकडं निकासिया बसली होती, पडलेल्या दाताच्या जागी खड्डा. मी म्हटलं, पोचला, सेवेरोला मातीही दिली, मेळा झाला, पोर चौकात उतरलं नाही.

तिनं ते सगळं ऐकलं न ऐकलं केलं. जाळीला बोटं घट्ट धरून विचारलं, “सेवेरोच्या आईनं त्याला जेवायला घातलं का?”

“घातलं,” मी म्हटलं. “शेजारी बसवून घातलं.”

मग ती रडली.