सरांना काढलेली मिशी

माझ्या भाच्याला शाळेत चित्रकलेचं बक्षीस कधी मिळालं नाही. अमेरिकेत येऊन त्याने एकच चित्र काढलं, आणि त्याची दखल थेट विद्यापीठाच्या शिस्त समितीने घेतली.

चित्र म्हणजे लॅबमधल्या त्याच्या गाईडचा फोटो. सर वेळेचे भारी कडक. पठ्ठ्याने नाकाखाली चौकोनी काळी मिशी रंगवली, कपाळावर केसांची बट ओढली आणि फोटो लॅबच्या ग्रुपवर टाकला. आपल्याकडे नाही का, मास्तर कडक निघाला की त्याला त्या जर्मन हुकूमशहाचं नाव चिकटवतात? आमच्या शाळेत दर पिढीला असा एक असायचा, आणि ते ऐकून त्यालाही मनातून गुदगुल्या व्हायच्या.

हे सर ज्यू होते. लॅबमधल्याच एका मुलीने तक्रार केली.

शनिवारी भाचा कॅरीला, आमच्या गावी, आमच्याकडे आला, चेहरा पार उतरलेला. "मावशी, सोमवारी हिअरिंग आहे. सस्पेंड केलं तर व्हिसा गेला."

विद्यार्थी व्हिसाचं असंच असतं. कॉलेजात नाव आहे तोवर देशात जागा. त्यातून हल्ली तक्रार ज्यूद्वेषाची आणि विद्यार्थी परदेशी असला, की कॉलेजने सोडलं तरी सरकार सोडेल याची खात्री नाही.

मला नाटकाची हौस. लगेच तालीम लावली! चष्मा नाकाच्या टोकावर आणून मी सर झाले आणि किचनमधल्या उंच स्टुलावर चढले. आमचे हे सोफ्यावरून प्रॉम्प्टिंग करत होते. "कल्चरल डिफरन्स म्हण रे. आमच्याकडे चालतं म्हण."

भाचा हात जोडून उभा राहिला. "सर, तुम्ही ज्यू आहात हे मला खरंच माहीत नव्हतं."

"अस्सं? म्हणजे मी ज्यू नसतो तर चित्र छान होतं?" मी आपली खोडी काढायला म्हटलं.

प्रॉम्प्टरने टीव्हीचा रिमोट उचलला.

"यार मावशी," तो म्हणाला, "आता काय बोलू?"

मला तरी कुठे ठाऊक होतं? त्या हुकूमशहाने काय केलं ते आम्ही तिघंही शाळेत शिकलो होतो, मार्कांपुरतं. त्याच्यामुळे आमच्या आळीतलं एकही घर रिकामं झालं नव्हतं. म्हणून आमच्याकडे तो नुसता विनोदी उरला होता. स्टुलावरून उतरताना माझं मलाच कसंसं झालं.

सोमवारी तो हिअरिंगहून थेट घरी आला. आमचे संवाद त्याने म्हटलेच नव्हते. 'मी हसवायला म्हणून केलं. कशावर हसतोय याचा विचार केला नाही,' एवढंच बोलला. याला काढू नका, असं स्वतः सरांनीच सांगितलं. समितीने लेखी ताकीद देऊन सोडलं.

"सुटलास की रे!" मी टाळ्या पिटल्या.

"थांब ना, मावशी. बाहेर आल्यावर सर माझ्याशी बोलले. त्यांच्या आजीच्या माहेरचं कुणीच उरलं नाही. एक फोटोसुद्धा नाही." त्याने पाठीवरची सॅक उतरवली. "म्हणाले, तुला देशाबाहेर घालवायला मी हातभार लावणार नाही. पण रोज सकाळी तुझ्याबरोबर काम करणं मला जमायचं नाही. दुसरा गाईड बघ."

मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"फेअर आहे ना?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

त्याने डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला आणि दुसऱ्या प्रोफेसरांना मेल लिहायला बसला. पहिल्याच मेलमध्ये आधीची लॅब का सोडली ते लिहायचं होतं. ते वाक्य त्याने मला विचारलं नाही. स्वतःच लिहिलं.