डाव्या सीटवरून युरोप

आइस्क्रीमचे रिकामे डबे कोणी मुद्दाम जमवत नाही. पण इंग्लंडातल्या आमच्या बेसिंगस्टोकमधल्या कुठल्याही मराठी घरातलं कपाट उघडा, धडाधड अंगावर येतात! किस्स्यांचंही तसंच. थोरला भाऊ आणि मी त्याच्या जुन्या गाडीतून युरोप हिंडलो, त्याला आता कित्येक वर्षं झाली. तरी चार मैत्रिणी चहाला जमल्या की कोणीतरी म्हणतंच, "अगं, तो टोलवाला सांग ना!" मग त्याच्यामागून बाकीचेही बाहेर पडतात.

तेव्हा दादा लीड्सला हाडांचा ज्युनियर डॉक्टर होता आणि मी इथे आयटीत. घर नागपूरला. बाबा गेल्यापासून तिथे आई एकटीच. दादाचं काँट्रॅक्ट संपत आलेलं, व्हिसाही. एक शेवटचा इंटरव्ह्यू देऊन झाला होता. पोस्ट मिळाली तर तो राहणार, नाहीतर कायमचा नागपूरला. "फोनकडे बघत घरी बसलो तर वेड लागेल," म्हणाला, आणि आम्ही निघालो. मी मनात रोज एकच घोकत होते, याला ती पोस्ट मिळू दे. दादा होता म्हणून तर मी या देशात आले होते!

*

गाडी इंग्लंडची, त्यामुळे स्टीअरिंग उजवीकडे. फ्रान्समध्ये टोलची खिडकी मात्र डावीकडे, माझ्या बाजूला. पहिल्याच टोलला मी डॅशबोर्डवर पाय टाकून, मांडीवर अ‍ॅटलस पसरून चिवडा खात बसलेली. टोलवाल्याने आधी माझे पाय पाहिले, मग चिवडा, आणि एकदम ओरडायलाच लागला. त्याला वाटलं, गाडी मीच चालवतेय!

दादाने पलीकडून स्टीअरिंग हलवून दाखवलं, हॉर्न वाजवून दाखवला. तोवर मी त्या माणसाला मूठभर चिवडा देऊन मोकळी झाले होते. आम्ही निघालो तेव्हा बिचारा ठसकत होता, पण दुसरा हात पुन्हा पुढेच होता.

*

ओव्हरटेक करतानाही पंचाईत. समोरचं दादाला दिसायचंच नाही, मला दिसायचं. एका ट्रॅक्टरच्या मागे आम्ही अर्धा दिवस तरी काढला असेल.

"समोरून काही येऊन राहिलं का?"

"हो, एक गाडी आहे."

"कुठे?"

"त्या चर्चपाशी."

"ते चर्च पुढच्या गावात आहे, बाई!"

मी तरीही "थांब" म्हणत राहिले. शेवटी ट्रॅक्टरच शेतात वळला. दादा म्हणाला, "तू मला कधी जाऊच देणार नाहीस का?" मला हसायला आलं, आणि मग उगाचच रडू आलं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

*

तेव्हा स्वित्झर्लंडचा व्हिसा वेगळा काढावा लागायचा. आम्ही बऱ्याच देशांना मिळून चालणारा शेंगेनचा काढला आणि वाटलं, युरोप म्हणजे सगळा युरोप! चूक लक्षात आली ती जिनिव्हाच्या सरोवराशी, फ्रान्सच्या काठावर. मग तिथेच बाकावर बसून ठेपले खाल्ले आणि पलीकडचं स्वित्झर्लंड मनसोक्त पाहिलं.

"डोंगर तेच, पाणी तेच," दादा म्हणाला. "पासपोर्टवर शिक्का नाही, एवढंच."

आईला फोटो पाठवले. तिने फोनवर विचारलं, "मागे दिसतंय ते स्वित्झर्लंडच नं?"

"हो."

"मग झालं तर!" सगळ्या कॉलनीत सांगून झालं होतं तिचं.

*

इटलीत एका छोट्या हॉटेलात दादा डॉक्टर असल्याचं मी बोलून गेले. झालं! दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मालकाची म्हातारी आई गुडघा पुढे करून हजर. तिच्यामागे तिची बहीण, तिच्यामागे शेजारीण. दादाला इटालियन येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही. पण गुडघ्यांची भाषा सगळीकडे सारखीच! त्याने टेबलाखाली वाकून तिघींना व्यायाम शिकवले. आमची कॉफी गार होऊन गेली.

निघताना म्हातारीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काहीतरी बोलली. दुपारपर्यंत मी दोनदा चिवडा पुढे केला, पण दादाने घेतला नाही.

*

त्याच संध्याकाळी रस्त्यावरच्या बूथवरून नागपूरला फोन लावला. फोन शेजारच्या काकूंनी उचलला. "अगं, तुझी आई पडली होती सकाळी बाथरूममध्ये," त्या म्हणाल्या, आणि मागून आईचा आवाज आला, "पडले नाही हो! जरा जोरात बसले!"

मी पोट धरून हसले. हे वाक्य आमच्या घरात अजून चालतं. दादाने मात्र रिसीव्हर घेतला आणि कुठे लागलं, सूज आहे का, पाय टेकवतो का, सगळं खोदून खोदून विचारलं. आईचं एकच, "मी मजेत आहे. तुम्ही फिरा."

*

आणि शेवटी कॅलेचं बंदर. इंग्लंडला जाणाऱ्या फेरीबोटीची रांग हलेना, म्हणून मी कॉफी आणायला गेले. परत आले तर दादा माझ्याकडे पाठ करून, गाडीला टेकून मोबाइलवर बोलत होता. तोच फोन! दोन्ही हातांत कप घेऊन मी दोन पावलांवर उभी राहिले.

"थँक यू. दॅट्स व्हेरी काइंड ऑफ यू," दादा म्हणत होता. मग जरा थांबून, "नो, आय अ‍ॅम शुअर. प्लीज ऑफर इट टु समवन एल्स. आय अ‍ॅम सॉरी."

त्याने फोन खिशात ठेवला, डोळे पुसले आणि वळला, तर समोर मी.

"नाही झालं गं," तो म्हणाला. "दुसऱ्या कोणाला तरी दिली त्यांनी पोस्ट."

मी कॉफी त्याच्या हातात दिली.

"जाऊ दे, दादा," म्हटलं, "त्यांचंच नुकसान!"