भटू सरांचे दहापैकी तीन

भटू सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी एका विद्यार्थ्याच्या प्रबंधावर शेरा लिहीत होतो. वाक्य अर्धंच राहिलं... पाच आठवडे झाले, तरी अजून वाटतं, हा माणूस दार ढकलून आत येईल आणि माझाच शेरा तपासायला घेईल.

आमच्या कॉलेजात दरवर्षी भाषा परिषद भरते. तिच्यासाठी आलेल्या निबंधांची निवड सरांकडे असे, आणि तो सोहळा पाहण्यासारखा होता. क्लार्क प्रत्येक निबंधावरचं नाव काढून नुसता क्रमांक ठेवायचा. मग सर आम्हा परीक्षकांना मागच्या खोलीत न्यायचे, आमचे फोन बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात घालायचे, आतून कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात टाकायचे. नंदुरबारात कुणाचा साडू, कुणाचा व्याही निबंध पाठवतोच. शिफारशीचा शब्द आत येऊ नये म्हणून हा बंदोबस्त. एक निबंध दोघांनी वाचायचा, दहापैकी गुण द्यायचे. दोघांचे सात-सात मिळाले नाहीत की निबंध बाद.

एका वर्षी मी पाप केलं. माझी बढती एका निबंधासाठी अडली होती. परीक्षकाने स्वतःचा निबंध पाठवला तर आधी सांगावं आणि त्या वेळी बाहेर बसावं, असा नियम. मी सांगितलं नाही. म्हटलं, जाईल दुसऱ्या कुणाकडे. आणि भर दुपारी, कागद उडू नयेत म्हणून पंखाही बंद असलेल्या त्या खोलीत, सरांनी गठ्ठ्यातून काढला तो माझाच! खापरच्या आठवडे बाजारातल्या भाषेवरचा. दुसरा परीक्षक म्हणून त्यांनी बोट दाखवलं तेही माझ्याकडेच.

सर वाचत राहिले. मी छताकडे बघितलं, कुलपाकडे बघितलं, पुन्हा छताकडे. मिरची विकणारी बाई गिऱ्हाइकाशी शुद्ध मराठीत घासाघीस करते, असं मी घरी बसून ठोकून दिलं होतं. त्या वाक्याशी पोचल्यावर सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. शेरे ते मराठीत लिहीत, पण रंगात आले की अहिराणीवर यायचे.

“हाऊ मानूस खापरना बजारमा कधी गयेलच नही,” ते म्हणाले. “मन्हा तीन. तू कितला देस, नाना?”

सरांच्या तिनावर निबंध बाद, आणि त्याबरोबर बढतीही; त्यांनाच आकडा वाढवायला लावला तरच काही. आठ म्हणावं तर कारण द्यावं लागणार, आणि त्या मिरचीवालीची वकिली मी कोणत्या तोंडाने करू? सांगून टाकावं, तर आणखी दोघे परीक्षक समोर बसलेले...

“दोन,” मी म्हणालो.

निबंध बाद झाला. पुढच्याच बाजाराच्या दिवशी सर मोटारसायकल घेऊन माझ्या दारात हजर. खापरला मिरचीवाली एका दमात भिली, गुजराती, हिंदी बोलली. मराठीवर आली ती फक्त माझ्यासाठी, कारण मी मास्तर दिसत होतो. चहा पिताना मी भीत भीत विचारलं, निबंध कुणाचा ते कधी कळलं.

“पहिलाच पानवर. तू बोलस का, ते मी देखी ऱ्हायनू व्हतू.” मग बशी खाली ठेवून म्हणाले, “अन् तू सोताले दोनच दिनात!”

पुढच्या वर्षी मी निबंध नव्याने लिहिला आणि तसं आधी सांगितलं. तो वाचला जात असताना मी लेखक म्हणून आणि सर लेखक ओळखीचा म्हणून, आम्ही दोघेही बाहेर व्हरांड्यात शेंगा फोडत बसलो. निवडला गेला.

यंदा किल्ली माझ्याकडे आली. परवा गठ्ठ्यातून एक निबंध निघाला, कोरीटच्या शेतकऱ्यांच्या बोलण्यातल्या कापसाच्या शब्दांवर. नाव नव्हतं. पहिल्याच पानावर कळलं. सरांचा. जाण्याच्या चार दिवस आधी पाठवलेला, हे क्लार्कने नंतर सांगितलं... मी लगेच सांगितलं, कुलूप उघडलं आणि व्हरांड्यात जाऊन एकटाच बसलो. आत दोघांनी वाचला. सहा आणि सहा. शेरा रास्त होता, भांडायला जागा नव्हती : निष्कर्ष अपुरा आहे, लेखकाने पूर्ण करून पुन्हा पाठवावा.

शेरा लेखकाला पोचवणं हे किल्लीवाल्याचं काम. तो कागद अजून माझ्या टेबलावर आहे.