लीलाधरचं पाच मिनिटांचं काम

लीलाधर म्हणजे इतवारा बाजाराजवळच्या एका छोट्या दवाखान्याचा कॉम्प्युटरवाला. प्रिंटर अडकला, बोलवा लीलाधरला. पंखा फिरेना, तरी लीलाधरच. माणूस गुणी, पण भित्रा असा, की चालत्या मशीनला हात लावायचा म्हटलं तरी दहा वेळा विचार करायचा. आणि त्या सकाळी, काय अवदसा आठवली कोण जाणे, त्याने आपणहून हात लावला.

दवाखान्याच्या कॉम्प्युटरच्या आत दुसरा एक लिनक्सचा आभासी कॉम्प्युटर चालायचा. पेशंटच्या जुन्या फायली ठेवलेल्या असायच्या बाहेरच्यात, पण त्या उघडणारा प्रोग्राम आतल्यातच होता. या आतल्या-बाहेरच्या कॉम्प्युटरांचं जमवून देणारी छोटी प्रणाली, म्हणजे गेस्ट युटिलिटी, जुनी झाली होती, रोज कुरकुरायची. "पाच मिनिटांचं काम आहे," असं सिस्टर रजनीला सांगून त्याने नवी टाकली, मशीन रीस्टार्ट केलं आणि फायलींचं फोल्डर उघडलं. ते रिकामं होतं.

त्याने ते बंद करून पुन्हा उघडलं. तरी रिकामंच. तेवढ्यात रजनी धावत आली.

"लीलाधरभाऊ, डोईफोडिया गावच्या आशाबाईंची फाईल काढा जल्दी. पोटातल्या गाठीला पीळ पडलाय, लगेच ऑपरेशन आहे. मागच्या वेळी भुलीच्या कुठल्याशा औषधाने त्यांचा श्वास अडकला होता. ते नाव कळल्याशिवाय डॉक्टर सुई लावायला तयार नाहीत."

"काढतो," लीलाधर म्हणाला आणि पडद्याकडे वळला.

दारातून स्ट्रेचरवरच्या आशाबाई दिसत होत्या, दोन्ही हातांनी पोट धरून कण्हत होत्या. फायली बाहेरच्या मशीनवर सुखरूप आहेत हे लीलाधरला ठाऊक होतं, पण ठाऊक असून उपयोग काय? आतलं मशीन त्या बघायलाच तयार नव्हतं.

आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काय म्हणावं या माणसाला! फोपनारच्या केळीवाल्याचा मुलगा तो. घड उतरवला तरी जुनं खोड लगेच तोडायचं नाही, ते बुंध्याशी फुटलेल्या पिलाला पोसतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. त्याच सवयीने त्याने जुनी युटिलिटी तशीच ठेवून नवी वर चढवली होती. मशीनला कसली आलीय माया? दोघी एकमेकींच्या पायात पाय घालून बसल्या होत्या.

त्याने जुनी काढली, नवीही काढली, मग एकटी नवी टाकली. घाईत अक्षरं चुकत होती. मशीन पुन्हा सुरू होईपर्यंत त्याला पडद्याकडे बघवेना.

फोल्डर भरलेलं दिसलं. औषधाचं नाव रजनीने मोठ्याने वाचलं आणि ती आत पळाली.

स्ट्रेचर निघालं तेव्हा लीलाधरला राहवेना. "माय, माझ्याच चुकीने तुमची फाईल अडकली होती. तुम्हाला उगीच इतकं सोसावं लागलं."

आशाबाईंनी त्याचं मनगट धरलं. "मंग आता कुठं जाऊ नको बाबा. माझा पोरगा अजून रस्त्यात आहे. मी बाहेर येईस्तोवर इथंच बस. मला भेव वाटतं."

लीलाधर ऑपरेशनच्या खोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर बसला. दवाखान्याच्या ऑफिसातून कुणीतरी दोनदा हाक मारली, पण तो जागचा हलला नाही.